पुढची खोली शनिवारच्या वर्गाला

मी, शालन भिमाजी डुंबरे, वय अठ्ठेचाळीस, माध्यमिक शिक्षिका, राहणार ओतूर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मलाही तसंच वाटतं. पण मुलांना जन्मभर 'वह्या पूर्ण करून ठेवा' असं सांगत आले, तेव्हा आपलीही पूर्ण असावी.

१. वडिलार्जित शेतातला माझा हिस्सा मी भाऊ अमृत याला आधीच सोडून दिला आहे, आनंदानं. ओतूरचं तीन खोल्यांचं घर मात्र माझ्या पगारातून घेतलेलं आहे. त्यातल्या मागच्या दोन खोल्या अमृतची मुलगी अश्विनी हिला. पावसाळ्यात चुलीवरचा पत्रा गळतो, तेवढा तिनं आधी पाहून घ्यावा.

२. पुढची खोली. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

१९९४ पासून दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, या खोलीत मी मुलांना जगातले धर्म आणि माणसांच्या रीतीभाती शिकवते. फी नाही, परीक्षा नाही. पहिल्याच वर्षी एकीनं विचारलं होतं, "बाई, चीनमधी देव नसल, तर तिथली पोरं परीक्षेला कुणाला हात जोडत्यात?" उत्तर शोधण्यात माझे तीन शनिवार गेले.

दोन वर्षांनी जैनांच्या पर्युषणात मी तीस मुलं घेऊन शेजारच्या पुखराजशेठ ओस्तवालांकडे गेले. त्यांच्या पत्नी मोहनबाईंनी आठ दिवसांचा उपास धरला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आम्ही उपासाचं करून नेलं: पातेलंभर रताळ्याचा कीस आणि बटाट्याची भाजी. आदल्या शनिवारी फळ्यावर 'अहिंसा' लिहून मी तासभर बोलले होते. पण जमिनीखाली वाढलेलं काही त्या घरात कधीच शिजत नाही, आणि उपासात मोहनबाई उकळून गार केलेल्या पाण्याखेरीज काही घेत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं.

शेठ दारात आडवे उभे राहिले. "बाई, हे शिकवता तुमी पोरांना? पर्युषणात, आमच्या दारात, कंदमूळ?"

आतून भिंतीला धरत मोहनबाई आल्या. आवाज अगदी बारीक झालेला. "अहो, पोरं येऊ द्या. पातेलं बाहेर राहू द्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमच्या उपासाला लई भूक लागते वाटतं!"

पहिल्यांदा शेठच हसले. मुलांनी समोरच्या पारावर बसून पातेलं संपवलं, चुळा भरल्या आणि आत गेली. त्या दिवशी शिकवलं ते शेठांच्या अकरा वर्षांच्या मुलीनं, सिद्धीनं. मी मुलांबरोबर खाली बसून लिहून घेतलं.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, शेठ माझ्या दारी हात जोडून आले. "मिच्छामि दुक्कडम्, बाई. कमीजास्त बोललो, क्षमा करा." चूक माझी, आणि क्षमा ते मागत होते. उलट काय म्हणायचं असतं तेही मी शिकले नव्हते.

तेव्हापासून वर्गाचा नियम असा: ज्या घरचा धर्म, त्या घरच्या माणसानं शिकवायचा, बाईंनी खाली बसायचं. पुढे रमजानमध्ये शिलाईवाले चाचा आले, नाताळला दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं शिकवणं म्हणजे हे खाली बसणं.

सिद्धी आता बावीस वर्षांची आहे, डी.एड. झाली आहे. निम्मा वर्ग तीच घेते. म्हणून ही खोली मी तिला देते, वर्गासाठी.

अमृतला हे पटलं नाही. "ताई, ती उद्या लगीन होऊन बेंगळूरला जाईल. मग खोलीत काय, तुझे देव भांडी घासणार?"

"घासू दे. इतके आहेत, पाळ्या लावता येतील."

तो हसला नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून अट घातली: <s>पाच वर्षांच्या आत वर्ग बंद पडल्यास खोली अमृतची.</s> (खोडलं. कलम ६ पाहावं. — शा. भि. डुंबरे)

३. कपाटातल्या वस्तू वर्गाच्या. पृथ्वीच्या गोलावर भारताचा रंग बोटं लागून उडाला आहे. तो पुन्हा रंगवू नये.

४. 'परीक्षेत न येणारं शिकवून मुलांचा वेळ घालवतात' असा शेरा माझ्या नावापुढे लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांना मी काहीही ठेवत नाही. मात्र निवृत्तीनंतर ते एका शनिवारी दाराशी चपला काढून, सबंध तास मागे बसून गेले, हे मी पाहिलं होतं. शेरा माफ.

५. इतक्या धर्मांचं शिकवलं म्हणून ताई आता कुणाचीच नाही, असं घरात बोललं जातं. तसं नाही. मी सोमवार आजही धरते. माझं सगळं आपल्याच रीतीनं, मांडवी नदीच्या काठी करावं. दहाव्याला शनिवारची मुलं आली, तर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. गप्प बसवू नये.

६. (सहीच्या वेळी वाढवलेलं.) दुसऱ्या साक्षीदार म्हणून ठरलेल्या शेजारच्या ठकूबाई डिंभ्याला लेकीकडे गेल्या होत्या, परतीची एसटीच आली नाही. वकीलसाहेब निघायच्या घाईत होते. अमृत म्हणाला, "मी करतो सही."

वकील म्हणाले, "तुम्हाला चालणार नाही. ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये. मुलीला मिळतंय ते आड येत नाही, पण अटीत तुमचं स्वतःचं नाव आहे."

अमृतनं कागद ओढून घेतला. दोनदा वाचला. "म्हंजे मी पाच वर्षं वर्ग बंद पडायची वाट बघत बसायचं? लोक काय म्हंतील? खोड माझं नाव, ताई."

"आणि सिद्धी गेली तर?"

"जाताना किल्ली कुणाला द्यायची ते तिला कळतंय. न्हाई कळलं, तर माझ्याकडं दे म्हणावं, मी शनिवारी उघडीन. शिकवायला मला येत न्हाई. खाली बसता येतंय."

त्याप्रमाणे अट रद्द केली आहे. सिद्धीनंतर खोली तिनं नेमलेल्या माणसाची, वर्गासाठीच. खाडाखोड मीच केली आहे. ती साक्षीदारांच्या देखत केली असून शेजारी माझी सही आहे.

ठिकाण: ओतूर
तारीख: १८ नोव्हेंबर २००७

लिहून देणार: शालन भिमाजी डुंबरे

आमच्या समक्ष सही केली:
१. संपत घोलप, शाळेचे लेखनिक
२. अमृत भिमाजी डुंबरे, भाऊ