अर्धनारीश्वराची डावी बाजू

४ फेब्रु., बुध.
उजवी बाजू झाली. जटा, सर्पकुंडल, त्रिशूळ. शंकर उभा राहिला. डावीकडे नुसता ओबड दगड. पार्वतीकडे छिन्नी वळतच नाही. सुनंदाच्या ऑपरेशनला आज तीन महिने. तिचाही डावाच स्तन काढला.

७ फेब्रु.
ज्यांच्यासाठी मूर्ती करतोय त्या वणीकडच्या देवळाचे विश्वस्त, गणपतराव, शेडवर आले. "लय भारी झालंय भाऊ. पण आई कधी दिसायची? चैत्रात बसवायची हाय." होईल म्हटलं. खोटं. आठवडाभर फक्त छिन्न्यांना धार लावतोय.

८ फेब्रु.
सु. आरशाकडे पाठ करून साडी नेसते. मी खोलीत गेलो की पदर ओढते. बावीस वर्षांच्या संसारात असं कधी... आजही मीच बाहेर आलो. गॅलरीत उगाच फेऱ्या.

११ फेब्रु.
दगडावर खडूनं छातीचा गोल आखला. पुसला. परत आखला. या मूर्तीत पार्वती ओळखायची ती त्यावरून, कमरेच्या बाकावरून, हातातल्या कमळावरून. छातीच नसेल तर लोक विचारतील, यात बाई कुठंय? हे लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली.

१४ फेब्रु.
सु. डबा घेऊन शेडवर आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मूर्तीभोवती फिरली, खडूच्या गोलावर बोट ठेवलं.
"अहो, हे माझ्यामुळे अडलंय?"
मी छिन्नी उचलून तिची धार बघू लागलो.
"मला टाळता तसं हिलाही टाळताय."
"पदर तू ओढतेस."
"तुम्ही बघाल याची भीती नाही वाटत. बघून तोंड फिरवाल याची वाटते."
रिक्षा करून निघून गेली. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रु., रवि.
दुपारी म्हणालो, दाखव. दाखवलं. आडवा व्रण, काखेपर्यंत. तोंड फिरवलं नाही. "हात लावा, आता दुखत नाही." बोटांना बरगडी लागली. दोघंही रडलो.

१६ फेब्रु.
विचारलं, "पार्वती तुझ्यासारखी घडवू?"
भडकली. "मला देवळात उभी करू नका. लोक काय, बघत बसतील."
मग भाजी निवडता निवडता स्वतःशीच, "पण दर्शनाला येणाऱ्या बायकांत माझ्यासारखी एखादी असेलच की." गणपतरावांना हे सांगायचं कसं, तेही सुचत नाही.

१८ फेब्रु.
सकाळी डाव्या पायापासून सुरुवात केली. पैंजण, घोटा, पोटरी. छातीपर्यंत पोचायला दहाएक दिवस. संध्याकाळी सु.नं विचारलं, "कुठवर आलात?"
आज गुडघ्यापर्यंत.