डाव्या बाजूचा हात

पिपरी मेघे, वर्धा
१८ नोव्हेंबर

प्रिय इला,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे ठीक. देवेंद्ररावांचा गुडघा कुरकुरतो, तेही कुरकुरतात. तू पाठवलेली नाचणगावची तुरीची भाजी पोचली, दोन दिवस पुरवून खाल्ली.

पत्र पाहून हसशील. पण हे फोनवर बोलायला मला जमत नाही.

पाळी थांबल्यापासून माझे काय हाल होते, तू पाहिलेस. सातवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून मी पदराने घाम पुसायची. झोप तर नावाला नव्हती. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. साठीच्या आत आहात, पाळी जाऊन तीनच वर्षं झालीत, बीपी नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी अंगातून उठणाऱ्या गरम वाफा थांबतील, झोप येईल, हाडांनाही बरं. धोका थोडा आहे: रक्ताची गुठळी, आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर स्तनाचा कॅन्सर. म्हणून त्यांनी विचारलं, आईला, बहिणीला कुणाला होता का?

मी म्हटलं, नाही. आई हार्टने गेली.

आठवड्यात माणसात आले. तुलाही वाफांचा त्रास होता, म्हणून तुलाही सांगितलं, याच गोळ्या घे. मोठी शहाणी मी!

चौथ्या आठवड्यात ते सुरू झालं. भर दुपारी, हजेरी घेताना, डाव्या छातीवर कुणीतरी ओला तळवा ठेवला. गार. दाबला नाही, नुसता ठेवला. मग रोजच. गॅसच्या रांगेत, देवळात. एकदा घरी येऊन पदर काढला तर ब्लाउजवर तळव्याएवढा पिवळा डाग. देवेंद्रराव म्हणाले, हळद जपून वापर. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पायही ठेवला नव्हता.

तो हात मी ओळखला, इला.

आई गेली तेव्हा तू दहावीच्या परीक्षेला मामाकडे होतीस. तिला शेवटची आंघोळ अनुसया आत्याने आणि मी घातली. हळदीचं पाणी मी ओतत होते. डाव्या बाजूला चिंधी घट्ट बांधलेली. ती सोडली तर आत दगडासारखी गाठ, फुटलेली. एक्केचाळिसाव्या वर्षी, कुणाला न दाखवता, ती त्या चिंध्या धुऊन वाळवत राहिली. आत्याने माझं मनगट धरलं. "हे कोणाले सांगजो नको. दोघींचीबी लग्नं व्हाची हायेत." बाहेर येऊन तिनेच सांगितलं, हार्ट होतं. बाबांनीही तेच धरलं. मी एकोणीस वर्षांची होते, गप्प बसले. लग्नं झाली, पोरं झाली, तरी गप्पच बसले. पुढे खोटं सांगतो आहोत हेही आठवेनासं झालं.

परवा तू फोनवर सहज म्हणालीस, "ताई, मले भाजी चिरताना कोणीतरी ओला हात छातीले लावल्यासारखं झालं. तुले हसू येईन." मी खरंच हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. माझ्या छातीवरच्या त्या हाताबद्दल मी तुला कधी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. आईचं वय लिहून घेतलं, गोळ्या तूर्त बंद केल्या, छातीची तपासणी केली. अहवाल गुरुवारी मिळेल. म्हणाल्या, आईला होता म्हणून प्रत्येकीचा रस्ता बंद होत नाही, पण इतक्या कमी वयात झाला असेल तर आधी पाहायचं, मग तोलायचं. वाफांवर हार्मोनशिवायही औषधं आहेत. आणि म्हणाल्या, बहिणीला आणा.

वाफा परत आल्या आहेत. येऊ देत. मला भीती त्यांची नाही. मी तुला गोळी सुचवली आणि कारण लपवलं, त्याची आहे. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

तू गोळ्या सुरू केल्या असतील तर डॉक्टरीणबाईंना आजच फोन कर, नंबर मागे लिहिला आहे. नसतील तर घेऊ नकोस. आधी ये. रागावून ये, बोलू नकोस माझ्याशी, पण ये.

आणि एक. हे पत्र लिहायला सकाळी बसले, आता दुपार झाली. एवढ्या वेळात आई माझ्याकडे आलेली नाही. तुझ्याकडे असेल तर घाबरू नकोस, हात झटकू नकोस. ती कुठे दाखवते आहे तेवढं बघ.

तुझी, तेहतीस वर्षं खोटं बोललेली,
सरिताताई