विलायती खुर्चीतला खिळा

३ नोव्हेंबर १९३४, जालना

आज कोर्टाला निघण्याच्या ऐन मुहूर्तावर माझ्या धोतराचा वध झाला. मारेकरी – बैठकीतली खुर्ची. तीही ऐरीगैरी नव्हे, व्हिएन्नाची! खालून खिळा आला आणि वीतभर काठ घेऊन गेला. पंधरा वर्षांच्या वकिलीत इतका एकतर्फी निकाल पाहिला नव्हता. सौ. उमा सुईदोरा घेऊन आली. म्हणाली, साहेबलोक धोतर नेसत नाहीत, खुर्चीचा काय दोष!

४ नोव्हेंबर

पण विलायती खुर्चीला खिळा कशाला? दिवसभर तेच डोक्यात. छावणीतल्या गिरजाघरात पलटणीच्या काळातल्या तशाच खुर्च्या आहेत. कोर्टातून परस्पर तिथे गेलो आणि एक खुर्ची उलटी करून पाहिली. पाद्रीसाहेबांचा बावर्ची दारातून हलेना – वकील देवाच्या दारी चोरी करायला आला, असे वाटले असणार.

अस्सल खुर्चीत खिळा एकही नाही, सगळे स्क्रू. पाठ आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच लाकूड, वाफेवर वाकवलेले. लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळतात, विंचरलेल्या केसांसारख्या. घरी येऊन माझी पाहिली. फळीतून कापलेले तुकडे, सांध्याला सांधा. वळण आले की रेषा तुटली. आणि लाकूड आपले जड सागवान! वजन केव्हापासून सांगत होते, मीच ऐकले नाही. बुडाशी चिकटवलेला कारखान्याचा छापील कागद तेवढा खरा – कुठल्या तरी मोडक्या खुर्चीवरून सोडवलेला.

बद्रीनाथच्या जुन्या मालाच्या दुकानातून आठ घेतल्या होत्या. दोन मी ठेवल्या. सहा मंठ्याच्या काकासाहेबांना दिल्या – माझ्या लेखी हमीवर. ‘अस्सल व्हिएन्ना’, खाली सही. काकासाहेबांचे दावे म्हणजे माझी निम्मी वकिली.

५ नोव्हेंबर

बद्रीनाथच्या दुकानात जाऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने पान संपेपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, “वकीलसाहेब, म्या कवा म्हणलं अस्सल? तुमीच खुर्ची उलटी केली, कागद वाचला, अन् म्हणले बिलकुल अस्सल. म्या म्हणलं, साहेब शिकलेले हैत, आसंल.”

हरामखोर! आणि शब्द न् शब्द खरा.

६ नोव्हेंबर

राग. जेवलो नाही. उमा म्हणाली, बरे झाले, पिठले कमीच होते.

९ नोव्हेंबर

काकासाहेबांचे पत्र. बैठकीची तारीफ, चार ओळी. पुढे गंमत म्हणून लिहितात – पुंजाराम नावाचा गावातला सुतार दार दुरुस्तीला आला होता. खुर्च्या बघून हरखला. म्हणे, या माझ्या हातच्या, जालन्याला बद्रीनाथकडे सहा महिने राहून केल्या. मग आम्ही तुमची सही दाखवली. ऐकेना. भर बैठकीत आम्हाला खोटे पाडतो! हत्यारांची पेटी ठेवून घेतली, हाकलून दिला. माफी मागेल तेव्हा मिळेल.

माझी सही दाखवली!

११ नोव्हेंबर

गप्प बसणे सोपे आहे. सुतार आज ना उद्या माफी मागेल, पेटी मिळेल, माझी अब्रू शाबूत, काकासाहेबांचे दावेही शाबूत. दोन दिवस हा युक्तिवाद करतो आहे. समोर कोणी वकील नाही, तरी हरतो आहे.

१२ नोव्हेंबर, मंठा

मोटारीने आलो. बैठकीत सात-आठ माणसे, सगळी माझ्या पापावर बसलेली. एक खुर्ची मागून घेतली, सर्वांसमोर उलटी केली, सांधे दाखवले.

काकासाहेब म्हणाले, “म्हंजे सुतार खरा. अन् तुम्ही?”

“मी गाढव.”

कोणी हसले नाही. काकासाहेबांनी कारभाऱ्याला सगळ्या दाव्यांचे कागद माझ्याकडून परत घ्यायला सांगितले. ज्याला खुर्ची वळखू येत न्हाई त्याला दस्तऐवज काय वळखू येणार, म्हणाले. मुद्दा बिनतोड. मी कोर्टात इतका चांगला कधी मांडला नाही.

पेटी मात्र मागून घेतली. पुंजारामच्या घरी गेलो तर बायको, सोनूबाई, दारात. वाटूरला सडकेवर खडी फोडून राह्यला, म्हणाली. हत्यारच न्हाई तर काय करील?

१३ नोव्हेंबर

परतताना वाटूरला उतरलो. पन्नाशीचा माणूस, हातांना चिंध्या बांधलेल्या. पेटी दिली, मी कोण ते सांगितले, माफी मागितली. शिव्या ऐकायच्या तयारीने उभा होतो. त्याने पेटीतल्या एकेका हत्यारावरून बोट फिरवले. मग विचारले, “साहेब, खुर्च्या समद्या बराबर बसत्यात ना? डुलत तर न्हाई एखांदी?”

इतक्या दिवसांत हे मी पाहिलेच नव्हते.

१४ नोव्हेंबर

घरच्या दोन्ही खुर्च्या फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिल्या. केसभर हालत नाहीत.

१६ नोव्हेंबर

पेटीत रुंद पटाशी नव्हती. त्या रिकाम्या जागेवर पुंजारामचे बोट थांबले होते, बोलला मात्र नाही. आज बाजारातून एक चांगली घेतली, धार लावून घेतली आणि मंठ्याच्या मोटारवाल्याजवळ दिली. कोणी दिली म्हणून सांगू, त्याने विचारले.

नाव नको, म्हणालो. गिऱ्हाइकाने दिली म्हण.