ताईचा हात

४ ऑगस्ट

नवी वही, नवी नोकरी. मावशीचं घर जुनंच, पण माझ्यासाठी तिने मागची खोली रंगवून घेतली आहे, म्हणजे तीही नवीच. स्टुडिओ घरापासून सात मिनिटांवर. रमतगमत गेले तर दहा. पुढे दुकान, तिथे फ्रेमा आणि भिंतींवरून आपल्याकडे बघून हसणारी आठ जोडपी. मागे आमची खोली: काळे पडदे, तीन संगणक, करड्या भिंती. भिंत रंगीत असली की तिची झाक डोळ्यांत बसते आणि नवरी हिरवट दिसायला लागते, असं मालक म्हणाले. मालक गोल, प्रेमळ आणि बोलघेवडे. त्यांनी मला आल्याआल्या ताई म्हटलं आणि साडेदहापर्यंत मी अख्ख्या स्टुडिओची ताई झाले. शेजारच्या संगणकावर चष्मेवाला बसतो. तो रंग जुळवतो, मी चेहरे नीट करायचे. पुटकुळ्या, सुरकुत्या, घामाची चमक, डोळ्यांखालची वर्तुळं. माणूस ओळखू आला पाहिजे, पण आठवडाभर सुट्टी घेऊन आल्यासारखा, हा मालकांचा एकुलता एक नियम. मला इथे आवडणार आहे.

७ ऑगस्ट

पहिलं मोठं लग्न हातात आलं. आठशे बारा फोटो. नवरी नाजूक, हसली की एका गालाला खळी. नवरा उंच, देखणा, प्रत्येक फोटोत तिच्याकडेच बघतोय. चष्मेवाला म्हणाला, याला कॅमेरा कुठे आहे ते कोणी सांगितलं नाही वाटतं.

नवरीच्या उजव्या मनगटावर निळसर वळ होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. मालक म्हणाले, ब्रेसलेट घट्ट झालं असेल, पुसून टाका. मी मान डोलावली. ब्रेसलेटला बोटं कुठून आली हे मनात आलं होतं. इथे तरी खोटं लिहायला नको.

दोनशे फोटोंत तेच वळ एकेक करून पुसायचे तर म्हातारी झाले असते. म्हणून एकदा हाताने नीट पुसताना संगणकाला सगळ्या पायऱ्या नोंदवायला लावल्या: निळं-जांभळं शोध, शेजारची चांगली त्वचा उचल, वर बसव, कडा विरघळव. आता एक बटण दाबलं की माझा हात आपोआप फिरतो. दोनशे फोटो चार मिनिटांत! मालकांनी तोंडात बोटंच घातली. त्यांनी बटणाला ‘ताईचा हात’ असं नाव दिलं आणि ते सगळ्या संगणकांवर चढवून ठेवलं. दिवसभर मी हवेत होते.

९ ऑगस्ट

माझ्या उजव्या मनगटावर वळ उठले आहेत. मावशी म्हणते, ड्रॉवरमध्ये हात चेमटला असेल, मी लहानपणापासून धांदरट. असेलही. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

१४ ऑगस्ट

तो नवरा अल्बम न्यायला आला होता. इतका अदबशीर माणूस मी पाहिला नाही. सगळ्यांसाठी पेनं आणली होती. फोनवरचे घरगुती फोटो पाठवले तर नीट करून द्याल का, असं त्याने विचारलं. मालक म्हणाले, तुम्ही आता घरचेच.

दुपारी पहिला फोटो आला. नवरी खिडकीपाशी उभी, हसत नव्हती, डाव्या गालाच्या हाडावर काळंनिळं. कपाटाचं दार लागलं, असं खाली लिहिलेलं. मी बटण दाबलं आणि नंतर कितीतरी वेळ माझा मलाच राग येत राहिला.

१५ ऑगस्ट

सकाळी चहा करताना मावशीच्या हातून कप निसटला. मी आरशात पाहिलं. डावा गाल.

१९ ऑगस्ट

मी काही भोळसट नाही. पडताळून पाहिलं. चष्मेवाल्याच्या नडगीला टेबल लागून टेंगूळ आलं होतं, चांगलं वांग्याच्या रंगाचं. गंमत म्हणून फोटो काढते म्हटलं आणि त्यावर बटण चालवलं. जेवणाच्या सुट्टीत तो पँट वर करून सगळ्यांना दाखवत होता की बघा, ठणका नाही की डाग नाही, आपली हाडंच वेगळी. मी संडासात जाऊन माझी नडगी पाहिली. तिथेच बसून राहिले. माझ्या नडगीवर तेच टेंगूळ, तोच वांग्याचा रंग.

म्हणजे पुसलेलं पुसलं जात नाही. ते माझ्याकडे येतं.

२१ ऑगस्ट

नवरा पुन्हा आला. नवा फोटो, दंडावर डाग. मी म्हटलं, आज जमणार नाही. तो रागावला नाही. काचेवर वाकून हळूच म्हणाला, तुमच्या कामाची एक गंमत आहे, फोटोत जे जातं ते घरीही जातं; मी दोनदा पाहिलंय. आणि हसला. माझ्या गालाकडे बघून हसला.

बटण चष्मेवाल्याने दाबलं. त्याला काय माहीत!

२५ ऑगस्ट

आज ती आली. त्याने फ्रेम निवडायला पाठवली होती, वीस मिनिटं मोजून दिली होती. मी पुढे गेले आणि ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने बोटाने माझ्या गालावरचा डाग दाखवला, चौदा तारीख म्हणाली. मनगट, लग्नाचा दिवस. दंड, एकवीस. सगळं तिला पाठ. मला रडू आवरेना. तिनेच मला पाणी दिलं.

तिचा मोठा भाऊ परगावी असतो. फोनवर तिने सांगितलं तर त्याला पटत नाही, कारण जावई सोन्यासारखा. शनिवारी तो भेटायला येणार आहे. तिने एवढंच मागितलं की शनिवारपर्यंत तिच्या अंगावरचं काही पुसू नका. दादाला एकदा डोळ्यांनी दिसू दे, मग तो मला इथे ठेवणार नाही, असं म्हणाली. मी शब्द दिला. माझा नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या बुटात ठेवून दिला.

२७ ऑगस्ट

तिन्ही संगणकांवरून बटण काढून टाकलं. मालकांना खरं तेच सांगितलं. आधी हसले, मग माझा गाल बघून म्हणाले, घरात काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांग, पण गिऱ्हाइकावर नको ढकलू. घरात! घरात मी आणि मावशी! डोक्यात तिडीक गेली. पण जाऊ दे. बटण गेलं. जीव भांड्यात पडला.

२९ ऑगस्ट

दुपारी चार वाजता फाइल उघडत असताना ओठ फाटला. कोणी हात लावला नाही. नुसता फाटला. टेबलावर रक्त.

पुलापलीकडे मालकांची शाखा आहे. मला माहीतच नव्हतं. बटण केलं त्याच दिवशी त्यांनी ते तिकडेही पाठवलेलं. नवरा आता तिकडे फोटो देतो. तिकडे कोणी फोटो बघत नाही, ढिगाने घालतात आणि बटण दाबतात. मालक म्हणाले, दिवसाला दोन हजार फोटो जातात त्यावर, ते मी काढू? तुझ्या वेडापायी?

उद्या शनिवार.

३० ऑगस्ट

भाऊ येऊन गेला.

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एक ओरखडा नाही. तिने बाह्या वर केल्या, काही नाही. मी तिच्या घरी धावत गेले, जिन्यातच भावाला गाठलं, माझं तोंड दाखवलं, म्हटलं हे तिचं आहे. चांगला माणूस. म्हणाला, ताई, तुमच्यावर फार वाईट वेळ आलेली दिसते. तिला समजावून गेला की संसारात कुरबुरी होतात.

दारात नवरा उभा होता. मला पाणी घेणार का विचारलं.

१ सप्टेंबर

पोलीस चौकीत गेले. त्यांनी आधी तिला बोलावून पाहिलं. नवरा शेजारी बसला होता, ती काही बोलली नाही. अंगावर खूण नाही. मग मला विचारलं, तुम्हाला कोण मारतं? मला कोणी मारत नाही, मी म्हणाले. लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

आता नवऱ्याला भीतीच उरली नाही. आधी मोजून मारायचा. आता—

काल बरगडी. आज सकाळी दोन बोटं. डाव्या हाताने लिहिते आहे.

२ सप्टेंबर

शाखेत गेले. आत सोडलं नाही. मालकांनी सांगून ठेवलंय. काचेतून दिसत होतं, पडद्यावर फोटो सरकतात, सरकतात, मुलगी पाठ करून फोनवर बोलतेय. काच बडवली. तिने पडदा ओढला.

मावशी रडते. तिला वाटतं माझं कोणीतरी आहे, मी नाव लपवते. माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावून किल्ली तिच्याकडे ठेवली आहे. माझ्या भल्यासाठी.

३ सप्टेंबर, सकाळ

मालकांचा फोन. आवाज नेहमीसारखा. राग सोड म्हणाले, कामावर ये. तुझ्या त्या जोडप्याचा फोटो आलाय शाखेत, तातडीचा. बायको झोपली आहे त्यात. गळ्याजवळ सावली पडली आहे म्हणाले, एवढीच काढायची—

मी ओरडले की तिच्या घरी जा, डॉक्टर न्या, फोटो राहू द्या. ते म्हणाले, अगं, ढिगात गेलासुद्धा.

शाखेचा फोन लागत नाही. मावशी दार उघडत नाही. म्हणते डॉक्टरला बोलावलंय, तुझ्यासाठी

अकरा वाजले

गळ्याभोवती गरम. मागून दोन अंगठे. खोलीत कोणी नाही. कोणी

श्वास थोडाच— वही जमिनीवर घेतली

फोन वाजतोय. तिचा. उचलला. ती जिवंत आहे. जिवंत आहे! म्हणते, ताई, मी आत्ता उठले, मला वाटलं मी मेले, गळा दुखत नाही, काहीच दुखत नाही. घरात ती एकटीच. तो बाहेर गेलाय. दार उघडंच आहे. मला विचारते, काय करू

पळ

आवाज फुटत नाही. तोंड उघडतंय, आवाज नाही. पळ. फोनवर नख वाजवते आहे, तिला कळत नाही. ताई, तुम्ही आहात ना, म्हणते. ताई, बोला ना

तिच्याकडे जिन्यात पावलं. मला ऐकू येतात. तिला नाही, ती रडतेय, मला हाका मारतेय

मावशी, दार— मावशी ये, तिला सांग, तू तरी सांग तिला, प