सत्तरच्या जागी ऐंशी

८ जानेवारी २००२, मंगळवार

न्हावऱ्याच्या पुढे खुर्शिदने तिसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली. उतरून बाभळीच्या खोडाला धरून उभी राहिली. कळ कमरेतून डाव्या पायात उतरली की ती बोलत नाही. मीही विचारत नाही. शिरूरहून दौंडला पोचायला अडीच तास!

पुण्याचे मणक्याचे डॉक्टर महिन्यातून दोन मंगळवारी दौंडला येतात. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "बसल्या प्रवासात मिसेसच्या पायात कळ उतरत असेल, तर ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही. नस दबत राहिली तर पाय जाईल. पुढच्या खेपेला ठरवू."

बाहेर आल्यावर खुर्शिद — "मी पाठ चिरून घेणार न्हाई." तिची मावशी तशा ऑपरेशननंतर अंथरुणातून उठलीच नाही. पंचवीस वर्षं झाली त्याला. पण तिच्यासाठी ते कालचंच आहे.

९ जानेवारी

दोष रस्त्याचा. या रस्त्यावर माझ्या आतापर्यंत चार बातम्या झाल्या. चारही छापून आल्या, खड्डे जागेवर. रस्ता हलत नाही म्हटल्यावर गाडीचंच काही करता येतं का, ते पाहायला हवं.

१२ जानेवारी

रांजणगावच्या कारखान्यात पत्रकार परिषद होती. तिथून तसाच शिक्रापूरला, अनिसच्या टायरच्या दुकानात गेलो. बाहेर ट्रकांची रांग. त्याने माझ्या मारुतीच्या टायरला नुसती लाथ मारली.

"चाचा, हे १४५/७० हाय. ह्यो सत्तर म्हंजी टायरच्या भिताडाची उंची. सत्तरच्या जागी ऐंशी टाकू. रिंग तीच. भिताड उंच झालं की खड्डा टायरच गिळतंय, बसणाऱ्यापर्यंत येत न्हाई."

"गाडीला चालतंय का?"

"पार वळवली तर आत जरा घासंल. आन् हवा सव्वीसच ठिवा. पंपावरची पोरं तीस मारत्यात, मंग मला शिव्या देऊ नका!"

चारही बदलले. जुने डिकीत.

१३ जानेवारी

घासतंय. अंगणातून वळताना 'खर्रर्र'. खुर्शिद ओट्यावरून — "ऐंशीची म्हातारी झाली व्हय गाडी? खोकतीय."

दुसरी गंमत. शिक्रापूर–शिरूर अंतर मीटरवर कमी भरलं. मैलाचे दगड धरून पुन्हा ताडून पाहिलं. चाक मोठं झालं, फेरे कमी झाले, मीटर फेरेच मोजतं. म्हणजे गाडी जास्त चालते आणि मीटर कमी दाखवतं. पकडलं! पंचवीस वर्षं वार्ताहरकी केल्याचा एवढा तरी उपयोग.

२२ जानेवारी, मंगळवार

एकदाही थांबलो नाही!! न्हावरा गेलं, पारगावचा पूल गेला. दर दहा मिनिटांनी मी — "दुखतंय?" ती — "न्हाई हो. गादीवर बसल्यागत वाटतंय." चौफुल्याला चहा पाजायची माझी फार इच्छा होती, ती म्हणाली, आता दौंडलाच.

डॉक्टरांनी विचारलं, कळ उतरली का? "न्हाई." डॉक्टर म्हणाले, "मग अजून थांबायला हरकत नाही. पाच तारखेला या."

परतताना मी बहुतेक गाणं म्हणत होतो. घरी आलो तर बाईसाहेबांची डावी चप्पल गाडीतच! अनवाणी ओट्यापर्यंत गेलेली, पत्ताच नाही. पोट धरून हसलो. तीही हसली.

२३ जानेवारी

सहाच्या आत फॅक्स करायचा होता आणि हाताशी बातमी नव्हती. रस्त्याचा कंत्राटदार म्हणतो डागडुजी झाली. कालचा माझा अनुभवही तोच. दोनशे शब्द लिहिले.

२५ जानेवारी

छापून आली. 'न्हावरा–चौफुला प्रवास सुसह्य.' कंत्राटदाराचा आभाराचा फोन! एवढ्या वर्षांत रस्त्याच्या बातमीवर कोणी आभार मानले नव्हते. नवलच.

२९ जानेवारी

राहू गावचा दत्ता दारात. रोज पहाटे शेवंतीची पोती एम-एटी दुचाकीवर लादून दौंड स्टेशनला नेतो. माझ्या बातमीचं कात्रण त्याच्या खिशातच होतं.

"मामा, रस्ता सुधारलाय का तुमची गाडी?"

मी म्हणालो, डागडुजी झालीय ना?

"व्हय, कंत्राटदारानं चार पाट्या खडी टाकली. आन् तुमची बातमी दाखवून ग्येला की निघून! काम पुरं झालं म्हनं. उद्या बसा माझ्यामागं, मंग ल्ह्या."

खुर्शिदने त्याला चहा दिला. एरवी ती दत्ताशी तासभर बोलते. आज आत निघून गेली.

३० जानेवारी

बसलो. पारगाव ते चौफुला, दोन पोत्यांच्या मधे. मोठे खड्डे तेवढेच मोजले — एकशे सदतीस. पुढे मोजणं सोडलं, दात सांभाळले. दत्ता आरशातून बघत हसत होता. "कसं काय मामा, सुसह्य?"

रस्ता तसूभर बदललेला नाही. मी काय पाहून लिहिलं? काहीच पाहिलं नव्हतं. दोन माणसांचं ऐकलं, कंत्राटदाराचं आणि खुर्शिदचं. पहिल्यावर विश्वास नव्हताच. दुसरीमुळे तो बसला.

संध्याकाळी तिला म्हणालो, रस्ता फार वाईट आहे गं अजून. म्हणाली, "जेवून घ्या. भाकरी गार व्हतीय."

३१ जानेवारी

खुलासा पाठवला. 'माझी पाहणी अपुरी होती' हे वाक्य लिहायला बातमीपेक्षा जास्त वेळ लागला. एकशे सदतीस हा आकडा मथळ्यात घ्या, असं डेस्कला सांगितलं.

एक प्रश्न उरलाय. घरातला. तो विचारायला धीर होत नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

दौंड. दवाखान्याच्या पायरीशी डावी चप्पल पुन्हा मागे राहिली. तिला घालायला खाली बसलो आणि तिच्या तळव्याला नख लावलं. जोरात. ती समोर रिक्षावाल्याकडे बघत राहिली.

"खुर्शिद, बावीस तारखेला दुखत होतं?"

"पदर दातात धरून बसले व्हते. तुम्ही केवढे खूश! आन् मला ऑपरेशन नको व्हतं."

डॉक्टरांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. गुरुवारी पुण्याला ऑपरेशन. पायाची बोटं पुन्हा कधी हलतील ते आता सांगता येत नाही, म्हणाले.

मीटर कमी दाखवतंय, हे मी पहिल्याच दिवशी पकडलं होतं.