कमावता पुरुष नाही

२ मार्च १९५३, जळकोट. सकाळ.
आजपासून रोजनिशी. नोकरी परत लागेपर्यंत डोक्याला गंज चढू नये, एवढाच हेतू.
कचेरीतून मला कमी करून तीन वर्षं झाली. कारण काय, तर कारभारातून उर्दू गेली आणि माझा सगळा हात उर्दूत बसलेला. ठीक आहे. निजाम गेला, कागद थोडेच गेले? ते वाचायला माणूस लागणारच. बोलावणं आज ना उद्या येणार.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द. चहा बंद. (चहा तसा आठवड्यापूर्वीच संपलाय.)

३ मार्च.
उठलो साडेसात. शब्द दोन.

७ मार्च.
दुष्काळाची मदत जाहीर झाली. चावडीवर सर्क्युलर आलं, महारुद्र पाटलांना त्यातलं अक्षर समजेना. मला बोलावणं. गावापुढं उभं राहून रूल फोडून सांगितले. घरात धडधाकट पुरुष असेल तर त्यानं सडकेवर खडी फोडावी, मजुरी घ्यावी. घरात लहान मुलं आहेत आणि कमावता पुरुष नाही, अशा बाईला कार्ड. कार्डावर दरमहा ज्वारी, दुधाची पावडर आणि थोडी रोख रक्कम. पाटील म्हणाले, पंत, तुमच्याबिगर ह्ये काम व्हायचं न्हाय. खरंच आहे.

९ मार्च.
बायकांच्या कार्डासाठी अकरा दरख्वास्ती लिहिल्या. फुकट. कस्तुराबाई म्हातारी, पदरी दोन नातवंडं, तिच्यासाठी दीड पान लिहिलं. म्हणाली, एवढं कशापायी, लेकरं उपाशी हायत एवढंच लिवा की. अडाणी. एवढंच लिहिलं तर कोण वाचतं?
बायकोनं, चंद्रप्रभेनं विचारलं, त्यात आपल्यासाठी काही आहे का. तिला समजावलं, आपण लिहून देणारे, हात पसरणारे नव्हे. ती पिठाच्या डब्याकडं बघत बसली. पटलं असावं.

१४ मार्च.
कस्तुराबाईची ज्वारी आली. तिनं शेरभर आमच्या पोरीच्या, अनसूयेच्या ओच्यात घालून पाठवली. मी ताबडतोब परत कर म्हणालो. तोवर चंद्रप्रभा जात्यावर बसली होती.
भाकरी चांगली झाली होती. तत्त्व म्हणून दोनच खाल्ल्या. चंद्रप्रभा म्हणाली, तिचं आधीच झालंय. कधी झालं ते दिसलं नाही.

१८ मार्च.
निश्चय. श्रमाला लाज कसली? सकाळीच सडकेवर गेलो. तासाभरात दोन्ही तळहात फोडांनी भरले. मुकादम गुरुलिंग म्हणाला, पंत, हातोडा असा धरत्यात व्हय? घरला जावा, पायावर मारून घ्याल. त्याचा शब्द मोडवला नाही.
उद्या परत जाणार.

१९ मार्च.
गेलो नाही. हात लेखणीसाठी जपायला हवा. उद्या बोलावणं आलं तर?

२२ मार्च.
धाकटा दिवसभर किरकिरतोय. चंद्रप्रभा म्हणते अंगावरचं दूध आटलंय. तिला धीर धर म्हणालो. कलेक्टरसाहेबांना चार पानी अर्ज टाकलाच आहे. भाषा उत्तम साधली. टपालाला तिची पायातली जोडवी गेली, पण काम झाल्यावर नवी करू.

२५ मार्च.
आज एक चांगली गोष्ट. चंद्रप्रभेनं सर्क्युलरचा विषय आपणहून काढला. सगळं नीट विचारलं. पुरुष घर सोडून गेला असेल तर? म्हटलं, चालतं, पाच पंचांनी तसं सांगावं लागतं. यादी कोण लिहितं? म्हटलं, पाटील कच्ची देतात, पक्की मीच करतो. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.
लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्या कामात तिनं पहिल्यांदाच रस घेतला. फार बरं वाटलं.

३० मार्च.
ती पाटलीण कडूबाईंकडं गेली होती. आल्यापासून बोलत नाही. ऊन लागलं असावं.

४ एप्रिल.
या महिन्याची पक्की यादी करायला बसलो. बावीस नावं झाली. तेविसावं: चंद्रप्रभा. मुलं दोन. नवरा परागंदा.
गावात दुसरी चंद्रप्रभा नाही.
पाटलांना म्हणालो, ही चूक कशी झाली. ते माझ्याकडं बघेनात. म्हणाले, चूक न्हाय पंत. बाई लई रडली. पाच जणांनी हात वर केला. तुमी म्हणत असाल तर खोडा, लेखणी तुमच्याच हातात हाय.
कागद घरी आणलाय. तिला काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही.

५ एप्रिल.
ठरलं. उद्या पहाटे पाचला उठणार, आधी ते नाव खोडणार आणि मग सडकेवर जाणार. हात गेले तरी बेहत्तर. या वेळी अगदी पक्कं.

६ एप्रिल. सकाळ.
उठलो आठ वाजता. पाटलांचा माणूस दारात. उस्मानाबादहून इन्स्पेक्टर आलेत, यादी घेऊन चला.

६ एप्रिल. संध्याकाळ.
चावडीत मी नावं वाचत होतो आणि बाया एकेक पुढं येत होत्या. तेविसावं नाव वाचलं. आवाज नीट आला. चंद्रप्रभा धाकट्याला कडेवर घेऊन पुढं आली. अनसूयेनं मला पाहिलं आणि तोंड उघडलं. आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. एवढ्याशा पोरीनं तो काढला नाही.
इन्स्पेक्टरना शंका आली. नवरा खरंच गेलाय का, असं त्यांनी पाटलांना विचारलं. पाटील जमिनीकडं बघत राहिले. मग साहेब माझ्याकडं वळले. म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हीच सांगा.
चंद्रप्रभेचे पाय उघडे होते, धुळीनं भरलेले. धाकट्याची मान तिच्या खांद्यावर पडली होती, तो रडतही नव्हता. मी म्हणालो, तीन वर्षं झाली साहेब, त्या माणसाचा घराला काही उपयोग नाही. आता तो येईल असं वाटत नाही.
ते म्हणाले, तसा शेरा लिहा आणि सही करा. शेरा लिहिला. सहीच्या जागी नुसतं 'लेखनिक' लिहिलं. अक्षर छान आहे म्हणाले.
पावडर तिथंच मिळाली. घरी आल्यावर तिनं ती पाण्यात कालवली. धाकटा पोटभर प्याला आणि झोपला. अनसूयेनं भांडं बोटानं पुसून चाटलं. चंद्रप्रभा भिंतीला टेकून बसली, मग तीही उरलेलं प्याली. माझ्यासमोर प्याली, लपवलं नाही.
मला विचारलं नाही. मीही मागितलं नाही. कार्डावर माणसं तीनच आहेत.