हिरव्या ठिपक्यावर लाल रेघ

३ एप्रिल, गुरुवार

डबा मिळाला! देहूरोडला, जहीरभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. बिस्किटांचा गंजका डबा, आत कापसात साठ जर्मेनियम ट्रान्झिस्टर — जुन्या रेडिओच्या पोटातले, तीन तारांचे, मण्याएवढे. प्रत्येकावर हिरवा ठिपका. आणि ठिपक्यावर लाल रेघ! म्हणजे आधी पास, मग रिजेक्ट? असं कसं?

"अम्मीच्या पेटीत होता, ताई. परवा म्हणाली, कुणाच्या कामाला येत असेल तर दे. पण याला आता कोण विचारतंय!"

मी विचारते ना! नवे सिलिकॉनवाले सगळे शहाणे, एकासारखा एक. हे जुने लहरी, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पण यांचा फझ बनवला — गिटारचा सूर फाडणारी ती छोटी डबी — की फाटलेला आवाजही मऊ लागतो. गिटारवाले जीव टाकतात. दिवसभर चाकणला कंपनीत मी जरा वेगळा दिसला की माल बाजूला काढते, आणि घरी येऊन नेमका तसलाच शोधत बसते. डोकं तपासून घ्यायला हवं.

४ एप्रिल

डबा कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या एसीत बसून मोजले. साठच्या साठ पास! मग लाल रेघ मारली कुणी?

६ एप्रिल

फर्स्ट शिफ्ट. चारला घरी. पत्र्याखाली खोली तव्यासारखी. त्यातल्या त्यात चांगले दोन निवडून फझ जोडला — आणि काय? नुसती घरघर! मग तीही बंद. चिडून डबी फ्रीजमध्ये ठेवली, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. वीस मिनिटांनी काढली तर सूर असा गोड की मी एकटीच हसत बसले.

उकाड्याने बिघडतात हे वाचलं होतं. इतकं बिघडतात हे माहीत नव्हतं.

७ एप्रिल

खालच्या अंबूबाई लोणचं द्यायला वर आल्या. आमच्या घरमालकीण, वय पंचाहत्तर, तोंड चालू की चालूच. आज डबा दिसला आणि गप्प! एक ट्रान्झिस्टर उचलला तो नुसत्या तारांना धरून. अंगाला बोट नाही लावलं! मी थक्क.

"आमच्या कंपनीतलेच हायेत हे. आमी पोरी टेबलावर बसून मोजायचो. साहेब वरडायचा, हात लावू नका म्हनून. का, ते कुनी सांगितलं न्हाई." मग म्हणाल्या, "ह्या डब्यापायी एकीची नोकरी गेली. न मोजताच ठिपके दिले म्हनून खोटी ठरवली तिला. बाहात्तर साली."

कुणाची, विचारलं. "चहा ठिवलाय खाली," म्हणून निघून गेल्या. चेहराच सांगत होता. त्यांचीच! इतकी वर्षं हे मनात घेऊन ही बाई लोणची घालतेय.

१० एप्रिल, गुरुवार

सुट्टी सार्थकी लागली. डब्यातले तेच सहा नग दोनदा मोजले, भिंतीला थर्मामीटर. सकाळी सहाला बावीस अंश: सगळे पास. दुपारी तीनला एक्केचाळीस: सहाही रिजेक्ट! गरम झाले की — अगदी बोटाच्या उबेनेसुद्धा — त्यांच्यातून जास्तीचा करंट झिरपतो आणि आकडा हाताबाहेर जातो. माल तोच, मीटर तोच. ठिपके देणारीने गारव्यात मोजले, रेघ मारणारीने उकाड्यात. खोटं कुणीच बोललं नव्हतं!

आत्ताच खाली पळावंसं वाटतंय. पण क्वालिटीवाली मी, एकदा फेरतपासणी केल्याशिवाय घास उतरायचा नाही.

११ एप्रिल

सकाळी सहा. सहाही पुन्हा पास. संध्याकाळी सांगते!

११ एप्रिल, संध्याकाळ

सांगितलं. वही दाखवली, आकडे वाचून दाखवले. अंबूबाई म्हणाल्या, "म्हंजी सकाळी मोजनारी खरंच बोलत हुती?"

"हो मावशी! तुम्ही खरंच बोलत होतात!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "मी न्हाई गं. ती ताहेरा. शेजारच्या टेबलावर बसायची, माझ्या डब्यातलं खायची. हिरवे ठिपके तिचे. दुपारची फेरतपासणी माझी. लाल रेघ माझी."

मी वही मिटली.

"रडत हुती. म्हनली, अंबू, तू तरी सांग साहेबाला, मी मोजलेत. मी म्हनलं, आकडा खोटं बोलत न्हाई. रिजेक्ट मालाचा हाच डबा उराशी धरून गेली. फाटकातून वळून बी बघितलं न्हाई."

आकडा खोटं बोलत नाही. हे वाक्य मी रोज लाईनवरच्या पोरींना ऐकवते. लाज वाटली. त्यांना सुखाची बातमी द्यायला गेले होते मी!

आणि वर आल्यावर एकदम लक्षात आलं — अम्मीची पेटी!

१७ एप्रिल, गुरुवार

काल जहीरभाईंना फोन करून अम्मींचं नाव विचारलं. ताहेरा. तशीच डबा घेऊन खाली गेले, अंबूबाईंना सांगितलं; डबा त्यांनी ठेवून घेतला.

आज पहाटे साडेपाचलाच अंबूबाई माझ्या दारात. अंघोळ झालेली, इस्त्रीचं लुगडं, काखेत डबा. "मीटर घे. तिला मोजू दे, मी निस्ती बघत बसंन. आन चल बिगीबिगी — ऊन चढायच्या आत पोचाय पायजे."